पगडबंद भाऊजी

आमचे भाऊजी कसे आहेत हे त्यांच्या तोंडाकडे बघून कधी कळायचं नाही. त्यांनी त्या दिवशी बांधलेली पगडी बघावी लागे. मन ताळ्यावर असलं की पगडी अशी सुबक, की डोक्यावर ठेवणारा माणूस आपोआप ताठ चालावा. मन वर चढलं की पगडीही चढायची. पेचावर पेच, टोक हे एवढं पुढे आलेलं, रंग कुठला कुठे. आणि मन खाली गेलं की कापड गुडघ्यावर तसंच पडून राहायचं आणि भाऊजी त्याचं टोक शोधत बसायचे. टोक समोरच असायचं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी धारची, लग्न होऊन देवासला आले. सासरची माणसं पिढ्यान्पिढ्या दरबारच्या कपड्यालत्त्याच्या कामातली. आमचे हे जामदारखान्यात, म्हणजे महाराजांचे पोशाख आणि दागिने ठेवतात तिथे कामाला. भाऊजी पगड्या बांधणारे, पगडबंद. दसरा जवळ आला की मानकऱ्यांच्या पगड्या त्यांच्या हातून जायच्या. डाव्या कानामागे कापडाची एक घडी ते अंगठ्याने आत दाबून द्यायचे. मग वारा येवो नाही तर घोडा उधळो, पगडी हलायची नाही. ती घडी दुसऱ्या कुणाला जमली नाही. "शिकवा की कुणाला," म्हटलं तर म्हणायचे, "शिकवतो, पण अंगठा कुठून देऊ, वहिनी?"

आपल्या दशेला त्यांनी स्वतःच नावं ठेवली होती, चढ आणि उतार. चढ लागला की आधी झोप उडायची. सगळं घर निजलेलं असताना अंगण झाडून व्हायचं, टेकडीवर देवीला जाऊन यायचे आणि माझ्यासमोर गहू निवडायला बसायचे. हात चालतोय त्याच्या दुप्पट तोंड. "भाऊजी, जरा आडवे व्हा हो," म्हटलं की, "आडवं व्हायला सरण आहे की!" सासूबाई "शिव शिव" करायच्या आणि आम्ही दोघं हसायचो. पुढे मात्र हसू यायचं नाही. ती खुशी उतू जायची, शब्दाला शब्द लागला की डोळे लाल व्हायचे आणि मग समोरच्याची खैर नसे. पण त्यांनी कधी कुणावर हात टाकला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

उतार लागला की खोलीचं दार लोटलेलं. अंघोळ नाही, दाढी नाही. आमचे हे दारात उभे राहून म्हणायचे, "सोंगं आहेत सगळी. काम नको, दुसरं काय?" मी ताट नेऊन ठेवलं की ते ताटाकडे बघत राहायचे. एकदा म्हणाले, "वहिनी, घास तोंडात घेतो, पण पुढे ढकलायला बळ लागतं हो. तुम्हांला लागतं का?" घास कधी ढकलावा लागतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

कारणं प्रत्येकाकडे तयार होती. सासूबाई म्हणायच्या, देवीचा नवस फेडायचा राहिला. शेजारीण म्हणायची, भर दुपारी चिंचेखालून गेला. वैद्य वाताचं नाव घ्यायचे आणि आमचे हे म्हणायचे, माज. भाऊजींची बायको प्लेगात गेली होती. चढउतार त्याआधीही होते, पण ती गेल्यावर त्यांना धरबंध राहिला नाही. आणि एकदा वाती वळता वळता सासूबाई बोलून गेल्या, की मामंजींचा भाऊही असाच महिनेन् महिने गप्प बसायचा. लगेच जीभ चावली आणि माझा हात धरून म्हणाल्या, "सूनबाई, ह्याचं दुसरं लग्न करायचंय. बाहेर बोलू नको."

आता माझा नातू इंदुरात डॉक्टर आहे. त्याला मी हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "आजी, ताप असतो तसा हा मनःस्थितीचा आजार. कुणी नुसता खाली जातो, कुणी वर जातो आणि खालीही येतो, कुणा बाईला बाळंतपणानंतर गाठतो. कारण एकच असं नसतं. थोडं रक्तातून येतं, त्यावर एखादा घाव बसतो, जागरणं होतात, आणि कधी कधी काहीच झालेलं नसतं तरी येतो." म्हणजे आमच्या घरातल्या प्रत्येकाला वेगळंच काही दिसत होतं आणि आजार कुणालाच दिसला नाही.

बाळंतपणाचं तो बोलला तेव्हा मला हसू आलं आणि रडूही. माझी थोरली मुलगी झाली तेव्हा मी बाळंतिणीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मूल रडायचं, मी त्याला घ्यायची, पण आत काही हलायचं नाही. परसातली विहीर डोळ्यांपुढून जायची नाही. सासूबाई "बाळंतवात" म्हणून काढे पाजायच्या. एके सकाळी खोलीच्या उंबऱ्याबाहेर भाऊजी येऊन बसले, पाठ माझ्याकडे, गुडघ्यावर पगडी. म्हणाले, "वहिनी, हे तुम्ही नाही. हे आलंय. आलेलं जातं. मी जाताना बघितलंय." रोज येऊन बसायचे. "बोलू नका. ऐकू येतंय का, एवढंच सांगा." मी म्हणायची, "येतंय." "मग पुरे आजच्याला." अशी मी उठले. माझं लेकरू आणि मी दोघी ह्या माणसामुळे राहिलो, हे मी कुणापुढेही सांगेन.

मुलगी रांगायला लागली आणि भाऊजींना चढ लागला. आमच्या देवासात तेव्हा एका गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. बाजाररस्त्याची ही कड एका महाराजांची, ती कड दुसऱ्यांची. दिवे वेगळे, दिवेवालेही वेगळे. भाऊजींनी एका भर दुपारी शिडी घेऊन आमच्या कडेचे सगळे दिवे लावले आणि रस्ता ओलांडून पलीकडच्यांचे लावायला घेतले. तिकडचा दिवेवाला बोंबलत आमच्या दारी आला, "भिया, थारो भई म्हारा दिया जलई रियो है!" आम्ही धावलो तर भाऊजी शिडीवरून ओरडत होते, "अरे, उजेडाला कुठली आली पाती?" सगळा बाजार लोटपोट हसत होता. मीसुद्धा पदराआड हसले.

आमचे हे हसले नाहीत. थोरल्या पातीच्या चाकराने धाकट्या पातीच्या दिव्यांना हात लावला, अशी तक्रार पलीकडून आमच्या दरबारात आली. ह्यांना बोलावून घेऊन चार लोकांत सुनावलं, की घरचं माणूस आवरत नसेल तर जामदारखान्याच्या किल्ल्या तरी कशा आवराल? भाऊजींना पुढे उतार लागला आणि त्या शिडीची त्यांना इतकी लाज वाटायची, की दिवेलागण झाली की खिडकी लावून घ्यायचे.

तेव्हा आमच्या ह्यांचा आवाज एकाएकी मऊ झाला. म्हणाले, "धारच्या दरबारात पगडबंद हवा आहे. तुझ्या माहेरी राहील, जरा हवापालट होईल." मला कोण आनंद! दशम्या केल्या, आईला निरोप धाडला. भाऊजी मात्र हलेनात. "वहिनी, ह्या दिवसांत मला कुठे नेऊ नका. चार भिंती तरी ओळखीच्या असू देत." ह्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तूच समजाव. तुझंच ऐकतो तो." मी समजावलं. "माझी आई आहे तिथे. तुम्हांला माझ्याहून जास्त जपेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही म्हणताय ना? मग जातो." आणि गाडीत जाऊन बसले.

हे परत आले ते एकटेच. म्हणाले, वाटेत इंदूरच्या सरायीत मुक्काम केला, सकाळी बघतो तर हा नाही. सगळीकडे शोधलं. सांगता सांगता रडले, आणि मी, वेडी, त्यांचे डोळे पुसले. जेवत नव्हते तर हाताने घास भरवले. सासूबाईंनी अंथरूण धरलं, त्या पुन्हा उठल्या नाहीत. शेवटपर्यंत दार वाजलं की विचारायच्या, "आला का गं?" पलंगापाशी हेच बसलेले असायचे. सगळं ठाऊक असलेला माणूस त्या म्हातारीच्या तोंडात गंगाजळ घालत होता.

काही वर्षं गेली. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाला मी धारला गेले. नवऱ्यामुलाची पगडी ओवाळायला म्हणून हातात घेतली आणि डाव्या कानामागे माझा अंगठा घडीत गेला. थोरल्या दादाला विचारलं, "ही कुठून आणलीस?" तो म्हणाला, "जवळच्या नालछा गावाहून येतात. तिथे कुणी दक्षिणी, म्हणजे आपल्यातलाच मराठी माणूस बांधतो, फार बोलत नाही." लग्न आटोपल्याबरोबर मी दादाला गाडी जोडायला लावली. ह्यांना कळवलं नाही. का नाही कळवलं, ते मलाही सांगता यायचं नाही.

नालछ्याच्या बाहेर एका बैराग्याचं आवार होतं. घरची नकोशी झालेली वेडी माणसं लोक तिथे आणून सोडत. निंबाला साखळ्या बांधलेल्या होत्या. कुणी हसत होतं, कुणी ओरडत होतं. आवाराबाहेर एका छपरीत भाऊजी बसले होते, गुडघ्यावर पगडी. केस पिकलेले, पायाच्या घोट्याला साखळीचा जुना काळा वळ. पण नजर अगदी जागेवर. मला बघून उठले आणि वाकून नमस्कार केला. "वहिनी. मुलगी बरी आहे ना?"

बैरागी दादाला म्हणाला, "ये तो कब का ठीक है, भिया. चढ़ता है, उतरता है, पर खुद सँभाल लेता है. पहली बरसात के बाद ही जंजीर खोल दी थी. कितनी बार कहा, घर जा. जाता ही नहीं."

मी भाऊजींना विचारलं, "साखळी सुटली होती, तर आला का नाहीत? सासूबाई तुमची वाट बघत गेल्या हो!" आई गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. हातातलं कापड घडी घालून बाजूला ठेवलं. मग अगदी सावकाश, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले, "माझ्या दादानं मला इथे सोडलं तेव्हा सांगितलं, तुझ्या वहिनीला तुझी भीती वाटते. घरात रांगतं मूल आहे, कधी उचलून विहिरीत टाकशील, म्हणून तिनंच तुला न्यायला सांगितलं. वहिनी, मी राग धरला नाही. आईचं काळीज आहे, तुमचं बरोबरच होतं. म्हटलं, मूल मोठं होईतो आपण इथेच बरे."

"भाऊजी, मी असं म्हटलं नाही. माझ्या मुलीच्या गळ्याची शपथ, कधीच म्हटलं नाही!"

त्यांनी विचारलं, "म्हटलं नव्हतं?"

"नाही हो."

"मग मी इथं कशासाठी राहिलो, वहिनी?"

माझ्या दादाने त्यांचं कापड आणि भांडी गाडीत भरली आणि त्यांना धारला घरी नेलं. देवासला यायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. धारलाच राहिले, माझ्या आईच्या हातचं जेवले, चढ आला की आईला आधी सांगायचे, उतार आला की आई दार ओढून घ्यायची आणि कुणाला काही विचारू द्यायची नाही. तिथेच गेले. माझ्याशी नेहमीसारखं बोलायचे, पण पूर्वीसारखे माझ्या पुढ्यात येऊन कधी बसले नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवला असेल की नुसतं माझं मन राखलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

भाऊजींना धारला पोचवून मी तशीच देवासला परतले होते. आमचे हे नुकतेच कचेरीतून येऊन पाय धूत होते. मी म्हटलं, "नोकरीसाठी भावाला टाकलंत, ते तुमचं तुम्ही देवाला सांगा. पण माझं नाव का घेतलंत? आईचं घ्यायचं, दरबाराचं घ्यायचं, माझंच का?"

त्यांनी पंच्याने पाय पुसले. चेहऱ्यावर ना लाज, ना राग. लहान मुलाला समजावतात तशा सुरात म्हणाले, "अगं, दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर तो साखळी तोडून आला असता. तुझ्यावर त्याचा जीव होता, म्हणून तर थांबला."