रोवण्याच्या गाण्यांचा डॉक्टर

डॉक्टरभाऊ आपल्या गावाच्या थांब्यावर कधीच उतरत नसत. पवनीहून येणारी बस गावाच्या पाटीपाशी थांबायची, तिथे पानठेला होता, आणि पानठेल्यावर बसलेल्यांपैकी एक तरी विचारायचाच, "काय डॉक्टर, झालं का मंग तुमचं?" म्हणून भाऊ एक थांबा आधी उतरायचे आणि धानाच्या बांध्यांमधून, दोन शेतांमधल्या धुऱ्याधुऱ्यानं चालत, मागच्या दारानं घरी पोचायचे. चिखल असला तर चपला हातात. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मलाही त्यांनी तसंच नेलं. मी म्हटलं, "भाऊ, सरळ रस्ता नाही का गावात जायला?"

"आहे ना," ते म्हणाले. "पन त्या रस्त्यावर लोक आहेत."

भाऊ डॉक्टर नव्हते. भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयातल्या संशोधन केंद्रात, मराठी विषयात, ते पीएचडी करत होते. मी लाखनीची, त्यांच्यानंतर काही वर्षांनी त्याच सरांकडे नाव नोंदवलं. भाऊंची नोंदणी झाल्याची बातमी गावात पोचली त्याच दिवशी गावानं त्यांना डॉक्टर करून टाकलं होतं. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं तर सुजलेला गुडघाच पुढे केला. भाऊंना 'मी तो डॉक्टर नाही' म्हणायचा संकोच वाटला, म्हणून त्यांनी गुडघा दाबून पाहिला आणि शेकायला सांगितलं. गुडघा बरा झाला, हे आणखी वाईट झालं.

त्यांचा विषय होता रोवण्याची गाणी. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, बांधीत लावताना बाया जी गाणी म्हणतात, ती. त्यांची आई रोवण्याला जायची, गायचीही. लहानपणी धुऱ्यावर बसून ऐकलेलं सगळं एकदा नीट लिहून ठेवावं, एवढ्या एका इच्छेनं हा माणूस विद्यापीठात आला होता. गावोगाव जाऊन, बायांसोबत चिखलात उभं राहून त्यांनी मोबाइलवर गाणी भरून आणली होती. गाण्याबद्दल बोलताना भाऊ वेगळेच दिसायचे. आवाज मोठा व्हायचा, हात हलायला लागायचे. मग मध्येच आठवण आल्यासारखे थांबायचे आणि म्हणायचे, "पन सर म्हनतात, याच्यात सैद्धांतिक बैठक नाही."

ही बैठक म्हणजे काय ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. सरांनी यादी दिली, ती पुस्तकं भाऊंनी वाचली. परदेशी विद्वानांची नावं प्रकरणाच्या सुरुवातीला आली, आणि आईची गाणी मागे परिशिष्टात गेली. "मायले मागं बसवलं मी," असं ते एकदा म्हणाले. पुढे सरांनी सुचवलं की गाणी जरा कमी करा, प्रबंध फुगतो.

सरांबद्दल वाईट बोलायला भाऊंची जीभ रेटत नसे. सरही खेड्यातूनच आलेले, कधीकाळी वर्गात फार सुंदर शिकवत असत म्हणे. आता ते समित्यांवर होते. आम्ही त्यांच्या चाचणी परीक्षांचे पेपर तपासायचो, चर्चासत्रांत खुर्च्या मांडायचो, त्यांच्या गौरवग्रंथाची प्रुफं वाचायचो. त्या ग्रंथातला 'एक ऋषितुल्य मार्गदर्शक' हा लेख भाऊंचाच होता, दुसऱ्या एका प्राचार्यांच्या नावानं छापलेला. भाऊंची प्रकरणं मात्र सरांच्या टेबलावर महिनोन्महिने पडून राहायची.

एकदा माझ्याच डोक्यातून निघालं. मी म्हटलं, "भाऊ, मधली दोन पानं उलटी लावा. वाचली तर सरळ होऊन येतील." त्यांना ते पटलं नाही, पण मी लावलीच. प्रकरण परत आलं तेव्हा पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं होतं, 'भाषा सुधारावी.' मधली दोन पानं उलटीच होती. मला हसू फुटलं. भाऊंकडे पाहिलं तर त्यांचे कान लाल झालेले. त्यांनी पानं हळूच काढून सरळ केली, पुन्हा पिन मारली आणि म्हणाले, "सरांले सांगू नको बाई. त्यांले बरं नाही वाटनार." दुसऱ्यानं केलेल्या गोष्टीची लाजही यांनाच वाटायची.

सरांच्या मुलीच्या लग्नात आम्ही सगळे संशोधक कामाला होतो. भाऊंकडे पाण्याचा जग दिला होता. पंगतीत वाढता वाढता ते एका पाहुण्यासमोर आले आणि जागीच थांबले. ते भाऊंच्या बायकोचे, वहिनींचे, मामा होते, वरपक्षाकडून आलेले. मामांनी जगाकडे पाहिलं, मग जावयाकडे. "डॉक्टर, तुमी?" भाऊ हसून म्हणाले, "सरांचं घर म्हनजे आपलंच घर, मामाजी." आणि त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं. नंतर ते बराच वेळ दिसले नाहीत. मी मांडवामागे शोधत गेले तर रिकामा जग मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "पानी वाढनं काही वाईट नाही. मी खोटं बोललो ना, ते वाईट आहे. आपलं घर नाही हे."

घरी खरी परीक्षा त्या गाणाऱ्या बायांची असायची. वहिनी अंगणवाडीत शिकवायच्या आणि त्यांच्या पगारावर घर चालायचं, पण त्यांनी कधी टोचून विचारलं नाही. बाया मात्र भेटल्या की विचारायच्या, "आमचे गाने कुठवर पोचले गा, बापू?" भाऊ म्हणायचे, "टायपिंग चालू आहे, मावशी." टायपिंग इतकी वर्षं चाललं की त्यातल्या एकीचं, राधामावशीचं, तेवढ्यात निधनही झालं. भाऊ तेराव्याला गेले नाहीत. मला म्हणाले, "कोनत्या तोंडानं जाऊ?"

मग त्यांच्या गावच्या शाळेचं स्नेहसंमेलन आलं. मुख्याध्यापकांनी प्रमुख पाहुणे म्हणून भाऊंना बोलावलं होतं. पत्रिकेत नावाआधी 'डॉ.' छापलेलं. मी आणि वहिनी पुढच्या रांगेत होतो, भाऊंच्या आई मागे बायांमध्ये. मुख्याध्यापकांनी माइकवर सांगितलं, "आपल्या मातीतले पहिले डॉक्टरेट, आपल्या सगळ्यांचा अभिमान!" टाळ्या झाल्या. भाऊ उठले. नारळ-शाल तशीच हातात. माइकपाशी गेले. बाजूला वाघाचा मुखवटा घातलेली एक पोरगी नाचायला ताटकळत उभी होती.

"मी डॉक्टर नाही," भाऊ म्हणाले. "झालो नाही. आता होनारबी नाही. मागच्या महिन्यात मी माझं नाव काढून घेतलं. तुमाले सांगाची हिंमत नव्हती, म्हनून मी मागच्या रस्त्यानं येऊन राहिलो होतो. माफ करा."

वहिनींनी माझा हात घट्ट धरला, त्यावरून मला कळलं की त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मुख्याध्यापकांना काय करावं सुचेना, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्या टाळ्या ऐकताना भाऊंची मान जशी खाली गेली, तशी मी पुन्हा कधी पाहिली नाही. शाल अंगावर असती तर ती ओढून त्यांनी तोंडच झाकलं असतं.

घरी आईनं एवढंच विचारलं, "मंग येवढे वर्स आमाले काहून गायाले लावलं रे?"

दुसऱ्या दिवसापासून भाऊ एकेका बाईच्या घरी स्वतः जाऊन सांगू लागले, की तुमची गाणी कुठं पोचली नाहीत, माझ्याच्यानं झालं नाही. मी एका घरी त्यांच्यासोबत होते. तिथली म्हातारी, सीतामावशी, तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"गाने तं आहेत ना तुयापासी?"

"आहेत."

"मंग आयकव. मी तं माहा आवाज आयकलाच नाही कधी."

भाऊंनी मोबाइलवर गाणं लावलं. चिखलातल्या पावलांचा आवाज, मग बायांचा. मावशी थोडा वेळ नाक मुरडून ऐकत होती, "कशी गाऊन राहिली मी, गळा बसल्यावानी." मग दुसरा आवाज आला, वरच्या पट्टीतला, आणि तिचा हात तोंडावर गेला. "राधी व्हय ना हे?" भाऊ मानेनंच हो म्हणाले. "पुन्हा लाव," मावशी म्हणाली. भाऊ पुन्हा पुन्हा लावत राहिले. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता त्यांना जरा हलकं वाटत असेल. ते म्हणाले, "हे तं मी पहिल्याच वर्सी करू शकत होतो ना? याले कोनती बैठक लागत होती?"

त्यानंतर भाऊ नाकाडोंगरीकडे एका निवासी शाळेत शिकवायला लागले. संशोधन केंद्रात त्यांच्या टेबलावर आता दुसरं कुणी बसतं. सर त्यांच्याबद्दल बोलताना "चिकाटी कमी पडली" म्हणतात, आणि आम्ही खाली पाहत ऐकतो.

मागच्या उन्हाळ्यात ते लाखनीला एका लग्नासाठी आले होते. महामार्गालगतच्या हॉटेलात आम्ही चहा घेत होतो. ट्रक जात होते, बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. पोरं रोज संध्याकाळी एक गाणं ऐकल्याशिवाय जेवायला उठत नाहीत, असं ते मोठ्यानं सांगत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावरचं नाव पाहिलं आणि भाऊ ताडकन उभे राहिले. खुर्ची मागे पडली.

"नमस्कार सर... हो सर... हो... पाठ्यक्रमाची नोट लिहून? परवापर्यंत?" ते बराच वेळ नुसतं ऐकत होते. मोकळा हात शर्टाची बटणं लावत होता, जणू सर समोर उभे होते. मग ते म्हणाले, "नाही सर. नाही जमनार... नाही, बरा आहो मी. फक्त जमनार नाही."

फोन ठेवून ते उभेच राहिले. हॉटेलवाल्यानं खुर्ची सरळ केली तरी बसेनात. चेहरा असा, जणू कुणीतरी चोरी करताना पकडलं आहे.

"नाहीच म्हनलो ना मी, बाई?"

"हो भाऊ. नाहीच म्हणालात."

"मंग लाज काहून वाटून राहिली मले?"

भंडाऱ्याची बस आली होती. माझ्या पिशवीत माझ्याच प्रबंधाचं चौथं प्रकरण होतं, आणि सरांनी मला त्याच दिवशी दुपारी पेपर तपासायला बोलावलं होतं.