मोटारीला लागलेले बैल

तुम्हीच सांगा, मोटारीच्या मामल्यात माणसानं विश्वास ठेवावा तो कुणावर? बनवणाऱ्यावर? तो इटलीत. विकणाऱ्यावर? तो हैद्राबादेत. हाकणाऱ्यावर? तो मोटारीच्या खाली! राहता राहिला पेट्रोलवाला, म्हणजे मी.

बीडला माझं घासलेटचं दुकान. निजाम सरकारच्या त्या दिवसांत आसपास पेट्रोलचे डबे ठेवणारा मी एकटाच. त्यामुळे मोटारींचे किस्से माझ्याकडे आपोआप साचत गेले, रिकाम्या डब्यांसारखे. फेकवत नाहीत आणि जागा तर अडवतात! त्यातले बरेचसे एकाच मोटारीचे. नांदूरघाटाकडच्या एका देशमुखांनी, आम्ही त्यांना आबासाहेब म्हणायचो, हैद्राबादच्या एका नवाबाकडून ती घेतली. इटलीची, लालभडक, शर्यतीसाठी बनवलेली. बसायच्या जागा दोनच. कारखान्याचं नाव मला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही.

* * *

मोटार रेल्वेनं जालन्याला उतरली. तिच्यासोबत ड्रायव्हर आला, उस्मानभाई. आबासाहेब स्वतः घ्यायला गेले होते. वाटेत शहागडला गोदावरी. तेव्हा पूल नव्हता, दोन नावा एकमेकींना बांधून वर फळ्या टाकायच्या आणि त्यावर गाडी चढवायची.

नावाड्यानं मोटारीभोवती एक चक्कर मारली. "हिला वढतंय कोन?"

उस्मानभाई छाती काढून म्हणाला, "तीस घोड्यांची ताकद हाय हिच्यात!"

नावाडी दोन पावलं मागं सरला. "तीस घोडे? न्हाई बाबा, माजी नाव बुडंल!"

आबासाहेबांनी समजूत घातली, "अरे, घोडे आत निजलेत."

नावाड्यानं डोकं खाजवलं. "मंग पल्याड जाईस्तवर उठवू नगा!"

* * *

घोडे पल्याड गेल्यावरही उठले नाहीत. नदीच्या वाळवंटात चाकं रुतली आणि शेवटी बैल लावून मोटार वर काढली. काठावर धोतरं धुणारी माणसं खो खो हसली.

आबासाहेबांना ते फार लागलं. बीडला माझ्या दुकानात बसून, माझ्यादेखत, त्यांनी उस्मानभाईला बजावलं, "मोटारीला बैल लागले की एक रेघ. तीन रेघा झाल्या की तू हैद्राबादेत परत!"

"और रेघां कौन मारेगा?" उस्मानभाईनं विचारलं.

दोघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. मी वहीचं शेवटचं पान काढलं आणि वाळवंटातली पहिली रेघ मारली. उस्मानभाईच्या घरी पाच तोंडं खाणारी, हे मला ठाऊक होतं. तरी रेघ मारली.

* * *

देशमुखीणबाईंचं माहेर वडवणीला. मोटारीतून जायची त्यांना फार हौस. पण मोटार उघडी आणि बाई गोषातल्या. त्यातून जागा दोन, एक ड्रायव्हरची. आबासाहेबांनी तोडगा काढला, बाईंनी पडदा लावलेल्या बैलगाडीतून जावं, आपण मोटारीतून सोबत जावं.

पण मोटार पुढं गेली की बाईंच्या अंगावर धूळ! म्हणून मोटार मागं. सकाळी निघाले ते दिवस मावळता वडवणीला पोचले. शर्यतीची मोटार बैलांच्या शेपट्या बघत बघत!

माहेरी भावजयीनं विचारलं, "वन्सं, मोटार लई पळती म्हनं?"

बाई म्हणाल्या, "पळत आसंल बाई. माज्या म्होरं तर एकदा बी आली न्हाई!"

* * *

दुसरी रेघ ओढ्यानं दिली. गुडघाभर पाण्यात मोटार बंद पडली ती पडलीच. आबासाहेब चिडले. म्हणाले, "कारखानदारालाच लिहा!"

मी मराठीत मजकूर सांगितला, शाळामास्तरांनी इंग्रजीत उतरवला. तीन महिन्यांनी उत्तर आलं. गुळगुळीत कागद, वर सोनेरी शिक्का. मास्तरांनी चष्मा पुसून वाचलं, 'आमची मोटार युरोपात अनेक शर्यती जिंकलेली आहे. दोष मोटारीत नसून रस्त्यात असावा. कृपया आपल्या रस्त्याचं वर्णन कळवावं.'

आबासाहेबांनी कागद हातात घेऊन सोनेरी शिक्का निरखला. मग म्हणाले, "लिहा मास्तर. वर्णन कळवन्यासारखा रस्ता न्हाई. स्वता येऊन बघा. पन येताना बैलगाडीनं या!"

* * *

मग पोळा आला. आबासाहेबांचा सालगडी मारुती जीव लावणारा माणूस. बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या. मोटार गोठ्याशेजारीच उभी. तिलाही हार घातला, हॉर्नला बेगड लावली. इथवर ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी मोटार वाफा सोडू लागली. उस्मानभाईनं रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत पुरणपोळी! दुधात कुस्करलेली!

"कायकू बे?" उस्मानभाई मारुतीवर ओरडला.

मारुती शांतपणे म्हणाला, "सनाच्या दिशी येकलीलाच उपाशी ठेवू व्हय?"

उस्मानभाईनं दोन दिवस नळ्या धुतल्या. मोटार दारातच उभी राहिली, बैल लागले नाहीत. म्हणजे रेघ नाही. गावात मात्र महिनाभर चर्चा, मोटारीला पुरणपोळी पचली न्हाई, इटलीची हाय ना!

* * *

आणि आता त्या दिवसाचं. तालुकदारसाहेबांचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कलेक्टरांचा, मुक्काम घाटाच्या पायथ्याला पडला होता. आबासाहेबांनी त्यांना मोटारीत बसवायचं कबूल केलं होतं. आबासाहेब घोड्यावरून पुढं आले, मलाही पेट्रोलचे डबे घेऊन बोलावलं. मोटार वरून उस्मानभाई आणणार होता, सोबतीला बैलजोडी घेऊन मारुती.

घाटमाथ्यावर मोटारीच्या ब्रेकनं जीव सोडला, हे मला मागाहून कळलं. तंबूसमोर बसलेल्या आम्हाला दिसलं ते एवढंच. शेवटच्या वळणावरून लाल मोटार फटफट करत उतरतेय. सुकाणूवर उस्मानभाई, ताठ. मोटारीच्या मागं जाड सोल, म्हणजे दोरखंड. सोलाला बांधलेली खिलारी जोडी, चारी खूर मातीत रोवून, अंग मागं टाकून, घसरत येतेय. आणि बैलांच्या मागं मारुती, दोघांच्या शेपट्या धरून!

सपाटीवर येऊन मोटार थांबली. सगळा कँप गोळा झाला. आबासाहेबांचा चेहरा मोटारीपेक्षा लाल.

तालुकदारसाहेब खुर्चीतून उठले. "ड्रायव्हर, ये क्या है?"

उस्मानभाई खाली उतरला, लवून सलाम केला. माझ्याकडं एकदाच बघितलं. मग म्हणाला, "हुजूर, बैलां थक गए थे. बांध के ले आया."

साहेब आबासाहेबांकडं वळले. "वाह, देशमुख! क्या ताकद है!"

आबासाहेबांनी मिशीवर हात ठेवला तो तिथंच राहिला. मग हळूच माझ्या कानाशी आले. "शेठ, वही आनलीया?"

वही माझ्या काखेतच होती. शेवटच्या पानावर रेघा दोन. मोटारीला बैल लागले होते का? लागले होते. पण...

आता असं करा, तुम्ही माझ्या जागी बसा. ही वही घ्या, हा टाक घ्या. समोर उस्मानभाई उभा आहे, शेजारी आबासाहेब. काय लिहायचं ते लिहा. फक्त एवढी विनंती, हिशेब इमानानं ठेवा!