मेरूबाईंची भीत

मेरूबाई चित्रांचं पुस्तक नेहमी उलटं धरायच्या. पोरं ओरडायची, "बाई, उलटं हाय!" बाई डोळे बारीक करून म्हणायच्या, "कुठी? मले तं सरळच दिसून राह्यलं." मग नुसता कालवा. "पोट्टे चूक दाखवाले का होईना, तोंड उघडतेत," हे त्यांचं शास्त्र. मूळ नाव मेहरुन्निसा. चंद्रपूरच्या बांगडीवाल्यांची लेक, मोहर्लीच्या अलीकडच्या, जंगलाला लागून असलेल्या एका गावात बालवाडी चालवायची.

नव्वदच्या दशकाअखेरीस मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले. पुण्याकडची, ट्रेनिंग घेतलेली, म्हणजे शहाणपण नुसतं उतू चाललेलं. पहिल्याच दिवशी भावनांचं पुस्तक उघडून मी गोड आवाजात विचारलं, "सांगा बरं, भीती कुठे असते?"

"घराले!" सगळे एकदम ओरडले.

"चार असते!"

"सुमीच्या घराले तीनच. मागची पडली, तिकूनच बिबट आला."

मी आपली पुस्तकात बघतेय. मेरूबाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या. "अवो मॅडम, भीती म्हणजे घराच्या भिंती! तुमच्यावालीले आम्ही भेव म्हणतो." आणि हसता हसता त्यांची नजर सुमीकडे वळली.

सुमी चार वर्षांची. महिन्यापूर्वी बिबट्यानं तिची बकरी नेली, तेव्हापासून पोरगी एक अक्षर बोलली नव्हती. उलट्या पुस्तकालाही नाही. बाईंच्या जिवाला तोच घोर होता. बिबट कुठून शिरला, ते मात्र त्यांना आत्ता कळलं.

दुसऱ्या दिवशी साठीला आलेल्या त्या जाडजूड बाई काजळाच्या मिशा काढून चार पायांवर वर्गात शिरल्या. "मी बिबट! भूक लागली. बकरी कुठी हाय?" पोरं किंचाळत पळाली. सुमी कोपऱ्यात थिजली. मी घाईनं पुढे झाले. "बाई, पुरे!" म्हटलं, तर बिबट माझ्यावरच गुरगुरला. मग त्यानं पंजानं पुस्तकांचा गठ्ठा सुमीकडे ढकलला.

सुमी बघत राहिली. तिनं एक पुस्तक उभं केलं. त्याला लागून दुसरं, मग तिसरं.

बिबट मटकन बसला. "या अल्ला, भीत! आता मलेच भेव वाटून राह्यलं."

पुस्तकांवरून दोन डोळे वर आले. "भेऊ नको," सुमी म्हणाली. "पण बकरी नाई देत."

बाई मिशांसकट दाराआड गेल्या. "काजळ गेलं डोळ्यात," म्हणे. खोटारड्या कुठल्या!

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. वर्गात एखादं पोर गप्प बसलं, की मी अजून पुस्तक उलटं धरते. तरीही बोललं नाही, तर जवळ बसून हळूच विचारते, "कोणती भीत पडली, बाळा?"