आत वळलेली टोकं

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. डोंगरउतारावरच्या नव्या शाळेच्या तळमजल्यावर सळया बांधणारा फिटर उकिडवा बसलाय. खांबाच्या उभ्या सळयांना आवळणाऱ्या रिंगेच्या टोकावर पाइपाचा तुकडा चढवायचा, जोर लावायचा, टोक खांबाच्या पोटात वळवायचं. खांबाला बावीस रिंगा, रिंगेला दोन टोकं, खांब बारा. दहाला काँक्रीटची गाडी येणार.

रिंगा शहरातून तयार आल्या, टोकं काटकोनात. बांधायला सोप्या. पण जमीन जोरात हलली की असली रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फाकतात आणि खांब बसतो. या भागात महिन्यातून एकदा तरी फळीवरची भांडी वाजतात.

अकरा वर्षांपूर्वीच्या भूकंपात पोस्टाच्या इमारतीचा खांब असाच बसला. पोस्टमनचा डावा पाय गेला. त्या रिंगा फिटरनेच बांधल्या होत्या. "तेव्हा मलाही घाई होती," एवढंच तो सांगतो.

साडेआठला मेहुणा फळ्या घेऊन आला. तो सुतार, खांबांना साचे तोच ठोकतो.

"दाजी, सरका. माझं काम खोळंबलंय."

"तुझी फळी लागली की झाकली मूठ सव्वा लाखाची. नाही सरकत."

"हट्ट तुम्ही करायचा आणि ताईची बोलणी मी खायची!"

मागोमाग सुपरवायझर. "अहो मामा, काय चाललंय? नकाशाचं इंजिनिअर बघतील."

"नकाशात टोकं आतच आहेत. उघडून बघा."

नकाशा सुपरवायझरच्या काखेत होता. त्याने तो उघडला नाही.

"तुमच्यापायी गाडी परत पाठवू? तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"बरं. आजचा तर आहे ना मी?" फिटरने पाइप पुढच्या टोकावर चढवला.

सुपरवायझर सुताराकडे वळला. "तू ठोक रे फळ्या."

"कशा ठोकू, साहेब? माणसाचे हात आत आहेत." मेहुण्याने फळ्या जमिनीवर टाकल्या आणि त्यांच्यावरच बसकण मारली.

सुपरवायझर फोन कानाला लावून रस्त्याकडे गेला. गाडी आली नाही.

संध्याकाळी सहापर्यंत सात खांब झाले. फिटरच्या उजव्या तळव्याला दोन फोड आले. पाइपाचा तुकडा त्याने घरी नेला नाही, आठव्या खांबाच्या बुडाशी ठेवला.

हजेरीवहीत उद्याच्या पानावर त्याचं नाव नाही. काँक्रीटची गाडी उद्या दुपारी तीनला सांगितली आहे.