परळच्या रस्त्यावर मक्याच्या तीन ओळी

आमच्या गाळ्यात किस्से साचतात ते लेथखाली लोखंडाचा चुरा साचतो तसे. रोज संध्याकाळी झाडून काढा, सकाळी चपलेला पुन्हा काहीतरी टोचतंच. बरं, बाहेर सांगायला जावं तर लोक पहिल्याच वाक्याला अडतात. परळमध्ये पेरणीची यंत्रं? होय बाबा, परळमध्ये. गुप्ते साहेबांचे वडील इथे गिरण्यांचे सुटे भाग बनवायचे. गिरण्या गेल्या, लेथ राहिला, मग साहेब टोकण यंत्रांकडे, म्हणजे ठरावीक अंतरावर एकेक दाणा पेरणाऱ्या यंत्रांकडे वळले.

माणसं चार. गुप्ते साहेब दादरचे, रागावले तरी शुद्ध बोलतात. गवस काका लालबागचे, एकतीस वर्षं फिटर, बोलणं मालवणी. संघमित्रा नायगावच्या चाळीत वाढलेली इंजिनीअर, यंत्राचं डिझाइन तिचं. आणि मी वैशाली, फोन आणि डिस्पॅच. शेतात पाय ठेवलेला आमच्यात एकही नाही. काकांची शेती म्हणजे गॅलरीतल्या डालडाच्या डब्यातला कढीपत्ता.

यंदा संघमित्राने नवीन यंत्र काढलं. छोट्या ट्रॅक्टरमागे जोडायचं आणि गादीवाफ्यावर, म्हणजे मातीच्या उंच केलेल्या पट्ट्यावर, एका वेळी तीन ओळी पेरायच्या. साहेब म्हणाले, "हे चाललं तर ठीक. नाहीतर शेजारच्या टॉवरवाल्याला गाळा देऊन टाकतो. मला आता ओढवत नाही."

दुपारी काकांनी डबाही उघडला नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

*

पेरणी यंत्राची पहिली चाचणी जागेवर होते. यंत्र स्टँडवर चढवायचं, चाक हाताने वीस वेळा फिरवायचं, प्रत्येक नळीखाली पडलेले दाणे मोजायचे. तीन नळ्यांखाली आम्ही चहाचे कटिंग ग्लास ठेवले. बी म्हणून शेंगदाणे.

पहिल्या दोन ग्लासांत आकडा सारखा. तिसऱ्यात दरवेळी पाच-सहा कमी. संघमित्राने पेटी खोलली, आतली दाणे सोडणारी तबकडी बदलली, नळी फुंकून पाहिली. तरी पाच-सहा कमीच. दोन दिवसांत पोरगी रडकुंडीला आली.

तिसऱ्या दिवशी काकांनी चाक फिरवायचं सोडून नुसतं बघत बसायचं ठरवलं. अर्ध्या तासाने म्हणाले, "गो बाय, तबकडी बरोबर आसा. तिसरो गिलास सायबांच्या केबिनच्या वाटेर आसा."

साहेब केबिनच्या दारात उभे होते. तोंडात शेंगदाणे असल्यामुळे त्यांना लगेच खुलासा करता आला नाही.

*

दुसरी चाचणी ग्रीसची. लांब पट्टीवर ग्रीस फासायचं आणि ती यंत्राखालून ओढायची. दाणे चिकटतात, मग दोन दाण्यांमधलं अंतर मोजता येतं. एवढी लांब पट्टी आणायची कुठून? काकांनी इलाक्यातल्या एका नेत्याच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स आणला आणि छापील बाजू वर करून अंथरला. म्हणे ती जास्त गुळगुळीत.

पिवळं ग्रीस फासलं. काका चाक फिरवतायत, मी आणि संघमित्रा फ्लेक्स ओढतोय, मक्याचे दाणे फ्लेक्सवरच्या नेत्याच्या कपाळावर, नाकावर, हनुवटीवर पटापट चिकटतायत. नेमका तेवढ्यात त्याच नेत्याचा कार्यकर्ता रक्तदान शिबिराचं आमंत्रण घेऊन दारात हजर. तो फ्लेक्सकडे बघतो, आमच्याकडे बघतो.

"ह्ये काय चाललंय?"

काका थंडपणे म्हणाले, "तुमच्या सायबांका हळद लावतंव. त्येच्यार अक्षता."

"मक्याच्या?"

"तांदूळ संपले," संघमित्रा म्हणाली.

कार्यकर्ता खाली बसला, बराच वेळ निरखत राहिला. मग म्हणाला, "पण डोळ्यात एक पण नाय गेला हां साहेबांच्या. मानलं." आणि मोबाइलवर फोटो काढून घेऊन गेला.

*

गिऱ्हाईक म्हणजे जुन्नरकडच्या कुसुमताई. तिकडच्या बायकांच्या शेतकरी गटाच्या प्रमुख. फोनवर मी यंत्राची माहिती वाचून दाखवायला लागले तर मध्येच तोडलं. "मशिनीचं कौतुक नगं मला. वाफा करा, पेरा, उगवलं की बोलवा. पुढच्या सोमवारी भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला हिंदमाताला येतेय, तवा रोपं बघून सांगते." वाफा केवढा रुंद? "दोन हात."

आता वाफा करायचा कुठे? आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या कंपाउंडमध्ये, पेव्हर ब्लॉकवर. टॉवरच्या खड्ड्यातली माती त्यांच्याच वॉचमनला सांगून आणली. काकांनी दोन हात मोजून झकास वाफा रचला. टेम्पोतून भाड्याचा छोटा ट्रॅक्टर आला. काका बसले, सुरू केला, आणि एका बाजूचं चाक थेट वाफ्यावर चढलं! काका आडवे, ट्रॅक्टर तिरपा. खरं तर वाफा दोन चाकांच्या मधोमध राहायला हवा.

संघमित्राने जुन्नरला फोन लावला. तिकडून पहिला प्रश्न आला, "कुणाच्या हातानं मोजलं? त्यांची उंची किती?"

काका सहा फूट दोन इंच. आम्ही वाफा दोन्ही बाजूंनी फावड्याने तासला. उरलेल्या मातीत इस्टेटच्या चेअरमनसाहेबांनी तुळस लावली आणि कंपाउंडमध्ये माती टाकल्याबद्दल आमच्याविरुद्ध केलेली तक्रार मागे घेतली.

*

कुसुमताई येणार त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, सोमवारी सकाळी पेरणी. ट्रॅक्टर वाफ्यावरून असा गेला की साहेबांनी टाळ्या वाजवल्या. तीन फण, तीन चऱ्या, मका आत, माती वर. फक्त कंपाउंडमध्ये ट्रॅक्टर वळत नव्हता, म्हणून काका गेटबाहेर वळवायला गेले.

बाहेर पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खणलेला. खड्डा बुजवला होता, पण आपल्याकडे बुजवतात तसा, वर मातीचा लांबलचक उंचवटा ठेवून. काकांनी उंचवटा बरोबर दोन चाकांच्या मधे घेतला आणि रुबाबात टोकापर्यंत गेले. यंत्र वर उचलायचं विसरले होते. मागून आमच्या इस्टेटचा वॉचमन ओरडतोय, "अरे काका, मशीन नीचे है!" काकांना वाटलं कौतुक करतोय. त्यांनी हात हलवला.

*

वाफ्याला रोज थोडं पाणी घालायचं काम मी वॉचमन मिश्राजींना सांगितलं. दोन दिवस त्यांनी बादलीने घातलं. गुरुवारी त्यांची कंबर धरली, म्हणून त्यांनी आग विझवायचा पाइप सोडला.

मी आले तेव्हा वाफा नव्हता. कंपाउंडभर चिखल, आणि अख्ख्या परळची कबुतरं मका टिपत होती. मिश्राजी म्हणाले, "मॅडम, पानी एकदम बराबर लगा."

पुन्हा पेरायचं तर सोमवारपर्यंत उगवणार कधी? संघमित्रा पायरीवर बसून रडली. साहेबांनी टॉवरवाल्याला फोन केला, "सोमवारी नक्की सांगतो." काकांनी आपली हत्यारं पुसून पेटीत भरायला घेतली. एकेक पाना पुसत होते. ते बघवेना, म्हणून मी उगाच जुन्या फाइली लावत बसले.

*

सोमवारी अकराला टॅक्सी आली. साड्यांच्या चार पिशव्या घेऊन कुसुमताई उतरल्या. माफी मागायला आम्ही चौघं गेटवर रांगेत उभे. त्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. रस्त्यातल्या त्या मातीच्या उंचवट्यापाशी गेल्या, पिशव्या माझ्या हातात दिल्या आणि खाली बसल्या.

बोटभर उंचीचा मका; आतल्या चिखलाच्या दुःखात आमचं कुणाचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. तीन ओळी, टोकापासून टोकापर्यंत, दोरी लावल्यासारख्या. खालचा पाइप अजून गळत होता, त्यामुळे पाणीही भरपूर.

कुसुमताईंनी वितीने अंतर मोजलं. एका रोपाजवळ माती उकरून खोली बघितली. उठून म्हणाल्या, "चार यंत्रं पाठवा. पण मला एक सांगा, एवढं मोकळं आवार सोडून तुम्ही रस्त्यात का पेरलंत?"

एकतीस वर्षांत आपल्या यंत्राने पेरलेलं उगवताना काकांनी पहिल्यांदा बघितलं होतं. ते ओळींच्या बाजूला उकिडवे बसले आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत राहिले. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू.

साहेबांचा फोन वाजला. टॉवरवाला. साहेब रोपांकडे बघत म्हणाले, "नाही, क्षमा करा. आमची पेरणी झालेली आहे."

तेवढ्यात कोपऱ्यावरून रस्त्याचा रोलर आला. मागे डांबराची गाडी, पुढे कॉन्ट्रॅक्टरचा मुकादम. "चला, बाजूला व्हा, रस्ता दाबायचाय."

कुसुमताई जागच्या हलल्या नाहीत. "पीक उभं हाय," त्या म्हणाल्या.

रोलरवाल्याने खाली वाकून पाहिलं आणि इंजिन बंद केलं. उतरला, चपला काढल्या, ओळींच्या मधून जपून पलीकडे गेला आणि एक गवताची काडी उपटून टाकली. मुकादम त्याच्यावर ओरडला, मग आमच्यावर ओरडला, मग त्याने ऑफिसला फोन लावला.

"साहेब, काम थांबलंय... मका हाय साहेब... न्हाई, रस्त्यात... व्हय, ओळीत."

मग त्याने फोनवर हात ठेवला आणि काकांना विचारलं, "साहेब म्हणतायत, काढणी कधी?"