दहा नोव्हेंबरचं जेवण

शेंगदाणे खरपूस भाजल्याचा वास आला की मला नेदरलँड्समधल्या टिलबर्गचं आम्हा विद्यार्थ्यांचं सामाईक स्वयंपाकघर आठवतं. पावसाळी दुपार होती, खिडक्यांवर वाफ साचली होती आणि शेजारच्या खोलीतली इंडोनेशियन मुलगी दगडी खलात शेंगदाण्याची झणझणीत चटणी वाटत होती. "आज आमच्या सुराबायाच्या लढाईचा दिवस," ती म्हणाली. "पंचेचाळीस साली शहर इंग्रजांनी घेतलं, पण देश पेटला तो स्वतंत्र होऊनच थांबला. माझे आजोबा लढले होते." मी पडलो साताऱ्याचा. लढाईचा विषय निघाल्यावर गप्प कसा बसणार? "माझे आजोबापण होते तिथे, मराठा पलटणीत!" मी छाती फुगवून बोललो, आणि मग आठवलं, पलटण इंग्रजांच्या फौजेतली होती. तिचा हात खलातच थांबला. तिने सुराबायाला आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं. मी घाम पुसत उभा. आजी बोळकं उघडून खदखदून हसली आणि काहीतरी म्हणाली. "आजी म्हणते, दोघांचेही नेम चुकले ते बरं झालं, नाहीतर आज जेवायला कोण असतं? वाढ त्याला!" आज आल्मेरेत तीच मुलगी आमच्या घरी शेंगदाणे भाजते आहे. आमची लेक डचमध्ये विचारते, "मग लढाई कोण जिंकलं?" आम्ही दोघंही तिच्याकडेच बोट दाखवतो.