तेवढा एक शब्द इंग्रजी होता

"बाई, ह्याला इंग्लिशमधी काय म्हणतेत?" असं विचारताना ती स्वतःच्याच अंगावर बोट ठेवायची. कोपरावर, बरगडीवर, घशावर. शिरूर कासारला नववीच्या वर्गात मी इंग्रजी शिकवायचे. तिला धड्यापेक्षा शरीराचे शब्दच हवे असत.

आईवडील दरसाल ऊसतोडीला कर्नाटकात जात. लहानपणापासून तीही सोबत. फडावर राहून फर्डं कन्नड शिकली होती. वर्गातली पोरं तिला 'कानडी' म्हणून चिडवत.

"तिकडं मला मराठी म्हणतेत, इकडं कानडी," ती हसायची. "मी हाय तरी कुटली, बाई?"

अशी एखादी मुलगी तुम्हीही पाहिली असेल. तिचं हसू तेवढं लक्षात राहतं.

एकदा मी वर्गाला विचारलं, इंग्रजी कशासाठी शिकायचं? कुणी पोलीसभरती म्हणालं, कुणी पुण्याची नोकरी. ती उभी राहिली.

"डॉक्टर काय कापनार हाय, ते कळाया."

वर्ग खिदळला. "कावून हसता रे?" म्हणून ती खाली बसली.

सुट्टीत तिनं मला सांगितलं. मागच्या हंगामात आईचं पोट दुखायला लागलं. तिकडच्या दवाखान्यात बोलणारी हीच.

"डॉक्टरचं समदं कन्नड कळलं, बाई. तेवढा एक शब्द इंग्लिश होता. युटरस. मला वाटलं, गाठ आसंल. आण्णाला तसंच सांगितलं. त्यांनी अंगठा दिला."

वडिलांच्या त्या अंगठ्यावर आईची गर्भपिशवी काढली. तिशी नुकती ओलांडलेली बाई ती.

"माय मला कायबी म्हणली न्हाई. म्हणाया पायजे होती."

दिवाळीच्या आधीच ती शाळेत यायची थांबली. लग्न ठरलं होतं. मी घरी गेले, कायदा सांगितला. तिची आई ऐकून घेऊन म्हणाली, "समदं खरं, बाई. पण तरणी पोर फडावर कशी सांभाळू? अन् गावात कुनापाशी ठिवू?" मी वसतिगृहात जागा मिळवली आणि सांगायला गेले, तर दाराला कुलूप होतं.

पुढे ती भेटली मांजरसुंब्याला. ऊसतोडीला निघालेला ट्रक ढाब्यावर थांबला होता. कडेवर मूल, नवरा दोन हातांच्या अंतरावर चहा पीत उभा. मी तिच्या कन्नडचं विचारलं.

"न्हाई बोलत आता," ती हळूच म्हणाली. "कारखान्याच्या मानसासंगं बोलले, तर ह्यांनी लई मारलं. मला येतं, हे आता तिकडं कुनाला कळूच देत न्हाई."

तेवढ्यात कर्नाटकातल्या एका गाडीचा ड्रायव्हर आला आणि काकुळतीनं कन्नडमध्ये काहीतरी विचारू लागला. कुणालाच कळेना. तिनं झटकन मान वर केली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मुलाच्या डोक्यावरचं टोपडं नीट करू लागली. ड्रायव्हरनं पुन्हा विचारलं, आणखी मोठ्यानं. मग तो गाडीकडे परत गेला.